बर्ड फ्लूचा रुग्ण दाखल झाल्यावर पुढचा अंदाज कसा बांधायचा: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

भारतात माणसाला बर्ड फ्लू झाल्याच्या नोंदी मोजक्याच आहेत. पण त्या आहेत, आणि त्यातली एक आपल्या मेळघाटातली आहे. २०१९ मध्ये तिथल्या सतरा महिन्यांच्या बाळाला एच९एन२ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, तपासणीत दिसलं. ते बाळ बरं झालं. २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ या दुसऱ्या प्रकारानं दगावला. त्याला रक्ताचा कर्करोगही होता. २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी एच५एन१नंच दगावली. पक्ष्यांमधली साथ महाराष्ट्रानं २००६ मध्ये नवापुरात पाहिली आहे, आणि २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१नं मेले. असा रुग्ण तुमच्या ड्युटीत येण्याची शक्यता कमी आहे, पण नाहीच असं नाही. आला, तर नातेवाइकांपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे एकच विचारतील: वाचेल का?

माझं सांगणं एवढंच आहे, की या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देऊ नका. पुढच्या ४८ तासांत काय होईल ते सांगा, आणि ते रोज नव्यानं ठरवा. कसं ठरवायचं, ते खाली क्रमानं लिहिलं आहे. वरिष्ठांच्या सल्ल्याला आणि तुमच्या रुग्णालयाच्या नियमावलीला हा लेख पर्याय नाही, हे गृहीत धरूनच वाचा.

अंदाजाआधी उरकायची कामं

रुग्ण वेगळ्या खोलीत हवा. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एन-९५, गॉगल, गाउन आणि ग्लोव्ह्ज. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध रिपोर्टची वाट न पाहता सुरू: प्रौढाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किडनीचं काम मंदावलेलं असेल तर त्या हिशेबानं कमी.

औषध कधी सुरू झालं, यावरही अंदाज अवलंबून असतो. २०१३ मध्ये चीनमध्ये एच७एन९ हा बर्ड फ्लूचा आणखी एक विषाणू पहिल्यांदा माणसात सापडला. तिथल्या सुरुवातीच्या १११ रुग्णांच्या अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून औषधाचा पहिला डोस मिळेपर्यंत मध्यक ७ दिवस गेले होते. सात दिवस! यातल्या ७६ टक्क्यांहून अधिक रुग्णांना आयसीयू लागलं. उशीर झाला आहे म्हणून औषध देऊच नये असा अर्थ मात्र काढू नका. गंभीर रुग्णाला उशिरानंही द्यायचं असतं. डोस दुप्पट केल्यानं जास्त फायदा होत नाही, हे आग्नेय आशियातल्या चाचणीत दिसलेलं आहे.

पहिली पायरी: विषाणू कोणता?

‘बर्ड फ्लू’ हे एकाच आजाराचं नाव नाही, त्यामुळे त्याला एकच अंदाज लागू होत नाही. तुमच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट बहुधा असा येईल: इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, पण नेहमीचे एच१ आणि एच३ दोन्ही निगेटिव्ह. असा रिपोर्ट दिसला की नमुना ताबडतोब एनआयव्हीकडे गेला पाहिजे. घशाचा स्वॅब निगेटिव्ह आला आणि एक्स-रेत छाती मात्र पांढरी दिसत असेल, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खालच्या श्वसनमार्गातला नमुना, म्हणजे श्वासनळीतल्या ट्यूबमधून ओढलेला स्राव किंवा बीएएल (फुप्फुसाचा भाग धुऊन घेतलेलं पाणी), जास्त भरवशाचा. डोळे लाल असतील तर डोळ्यांचाही स्वॅब घ्या.

एच९एन२ बहुतेकदा सौम्य जातो. एच७एन९नं मुख्यतः साठीच्या आसपासच्या, त्यातही पुरुषांना, गाठलं. एच५एन१चे रुग्ण त्या मानानं तरुण. त्यात दहा ते एकोणीस वयोगटात मृत्यूचं प्रमाण जास्त राहिलं आहे. थोडक्यात, ‘वय कमी आहे, तरून जाईल’ हा न्यूमोनियातला नेहमीचा दिलासा इथे चालत नाही.

एच५एन१च्याही पोटशाखा आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गायींच्या गोठ्यांवर काम करणाऱ्यांना लागण झाली, त्यातल्या बहुतेकांचे नुसते डोळे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तेरा वर्षांच्या मुलीला एच५एन१च्याच वेगळ्या उपप्रकारानं एक्मोवर (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) नेलं. ती वाचली. तिला तीन विषाणूरोधक औषधं एकत्र दिली होती. एनआयव्हीचा सविस्तर रिपोर्ट आला की उपप्रकाराचं नाव फाइलमध्ये लिहून ठेवा.

दुसरी पायरी: आज आजाराचा कितवा दिवस?

हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात ढिसाळपणे विचारला जातो. ‘ताप कधीपासून?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘झाले दोन-चार दिवस.’ त्यापेक्षा घटना धरून विचारा: ‘काका, कामावर शेवटचं कधी गेला होतात? त्या दिवशी अंग दुखत होतं का? मेडिकलमधून गोळी कधी आणली?’ कोंबड्यांचा संबंधही असाच खोदून विचारावा लागतो. परसातल्या कोंबड्या मेल्या का, त्या कोणी उचलल्या, कोणी सोलल्या. ‘पोल्ट्री फार्म आहे का?’ एवढ्यावर थांबलात तर बरेच जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील.

मग केसपेपरवर रोज सगळ्यात वर दोन आकडे लिहा: आजाराचा दिवस आणि दाखल होऊन झालेले दिवस. अंदाजासाठी पहिला महत्त्वाचा. दोन रुग्ण आज ४ लिटर ऑक्सिजनवर आहेत. एकाचा आजाराचा चौथा दिवस, दुसऱ्याचा बारावा. पहिल्याचा चढ अजून बाकी असण्याची शक्यता मोठी आहे, दुसरा बहुधा उतरणीला लागलेला आहे. ऑक्सिजन तोच, पण मी पहिल्याच्या पलंगाजवळ जास्त वेळ थांबेन.

तिसरी पायरी: ऑक्सिजनचा हिशेब

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नुसतं एसपीओटू, म्हणजे बोटाला चिमटा लावून मोजलेली रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बघून काहीच कळत नाही. ते किती ऑक्सिजनवर आहे, हे शेजारी लिहिलं तरच त्याला अर्थ.

समजा, संध्याकाळी रुग्णाचं एसपीओटू ९२ आहे, नाकातल्या नळीनं ४ लिटर चालू आहे. साध्या हवेतल्या सुमारे २० टक्क्यांवर नळीच्या दर लिटरमागे साधारण ४ टक्के वाढ धरली, तर तो सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन घेतो आहे. ९२ भागिले ०.३६, म्हणजे साधारण २५५. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत पुन्हा ९२. रात्रपाळीनं ‘स्थिर’ असा शेरा मारलेला. पण रात्रीत त्याला हाय फ्लोवर (नाकातून मोठ्या वेगानं ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ६० टक्के ऑक्सिजनवर नेलेलं आहे. ९२ भागिले ०.६, म्हणजे १५३. हा रुग्ण स्थिर नाही, त्याची फुप्फुसं एका रात्रीत बरीच खालावली आहेत. भागाकार केला नाही, तर हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

एआरडीएसच्या (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या अवस्थेच्या) २०२३ च्या जागतिक व्याख्येत हे गुणोत्तर ३१५ किंवा त्याखाली असेल तर धरतात, मात्र एसपीओटू ९७ किंवा त्याखाली असायला हवं. त्याच्या वर असेल तर हिशेब फसवा होतो. धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारा एबीजी असेल तर उत्तमच: पीएओटू (धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब) भागिले ऑक्सिजनचं प्रमाण. २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे २०० ते ३०० सौम्य, १०० ते २०० मध्यम, १०० किंवा त्याखाली गंभीर.

आता याला श्वासाची गती जोडा. वरचं १५३ श्वासाच्या गतीनं, समजा ३४ नं, भागलं तर ४.५ येतं. हा रॉक्स निर्देशांक. हाय फ्लोवरच्या न्यूमोनियाच्या रुग्णांत तो ४.८८ किंवा त्याहून जास्त असेल तर श्वासनळीत ट्यूब घालून व्हेंटिलेटर लावण्याची गरज पडण्याची शक्यता कमी. बारा तासांनीही ३.८५ च्या खाली असेल तर शक्यता बरीच जास्त. आपला रुग्ण मधल्या पट्ट्यात आहे. म्हणजे दोन तासांनी पुन्हा मोजायचं, आणि आयसीयूला आत्ताच कळवून ठेवायचं. हा निर्देशांक बर्ड फ्लूवर तयार झालेला नाही, तरी दिशा दाखवायला उपयोगी आहे.

श्वास मात्र घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे २० किंवा २४ लिहून टाकण्याची सवय सगळीकडे दिसते, आणि तिच्यावर कितीही चांगला निर्देशांक उभा केला तरी तो खोटाच ठरणार. शिवाय मघाशी धापा टाकणारा रुग्ण अचानक शांत झाला, तर आधी त्याला हाक मारून बघा. बरं वाटणं आणि दमून जाणं दुरून सारखंच दिसतं.

चौथी पायरी: रक्त काय सांगतं?

सीबीसीत लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराची) टक्केवारी वाचून पुढे जाऊ नका, प्रत्यक्ष संख्या काढा. पांढऱ्या पेशी ३२०० आणि लिम्फोसाइट १५ टक्के, म्हणजे ४८०. चीनमधल्या त्या १११ रुग्णांपैकी ८८ टक्क्यांत दाखल होताना लिम्फोसाइट कमी होते, ७३ टक्क्यांत प्लेटलेट कमी होते. यातला धडा नीट समजून घ्या. ज्या अर्थी जवळपास सगळ्यांमध्येच ही संख्या कमी होती, त्या अर्थी एकदा कमी दिसली म्हणून कोण जाईल आणि कोण राहील हे वेगळं काढता येत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आहे की नाही, त्यात माहिती आहे.

क्रिएटिनिन, एलडीएच, सीके, एएसटी, लॅक्टेट, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन या रक्ताच्या तपासण्या रोज किंवा दिवसाआड. फुप्फुसाबरोबर किडनीही बसत असेल, किंवा रक्तदाब सांभाळायला नॉरअ‍ॅड्रेनालिन लागत असेल, तर अंदाज वेगानं बिघडतो. थोडा सुधारलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना पुन्हा तापला, प्रोकॅल्सिटोनिन चढलं, तर जिवाणूंचा दुसरा हल्ला शोधा. एच७एन९च्या रुग्णांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरनं बराच त्रास दिला होता, आणि आपल्या आयसीयूंना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

अँजिओटेन्सिन २ ची पातळी, सीडी८ पेशींचा लवकर मिळणारा प्रतिसाद यांवरही चांगलं संशोधन झालं आहे. वॉर्डात तुम्हाला ते मोजता येणार नाही, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

पाचवी पायरी: स्कोअर, पण डोळे उघडे ठेवून

कर्ब-६५ हा न्यूमोनियाची तीव्रता मोजणारा स्कोअर सगळ्यांना पाठ असतो: गोंधळलेली शुद्ध, युरिया, श्वासाची गती ३० किंवा जास्त, रक्तदाब, वय ६५ किंवा जास्त. आता हा रुग्ण बघा. वय ३८, शुद्धीत, श्वास २८, रक्तदाब ११० बाय ७०, युरिया ३४, आणि साध्या हवेवर एसपीओटू ८६. कर्ब-६५ चा स्कोअर शून्य. स्कोअरच्या मते हा घरी जाऊ शकतो! कारण त्यात ऑक्सिजनच नाही, आणि तरुणाला वयाचा गुण मिळत नाही. विषाणूच्या न्यूमोनियात हा स्कोअर कमी आला म्हणून कोणालाही घरी पाठवू नका.

युरियाचीही एक मेख आहे. मूळ स्कोअरमधली मर्यादा लिटरला ७ मिलिमोल. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा ब्लड युरिया मिलिग्रॅममध्ये देतात, त्यात ही मर्यादा साधारण ४२ येते. रिपोर्टवर बीयूएन लिहिलेलं असेल तर २० च्या आसपास. ब्लड युरिया ३० बघून गुण देऊन टाकणारे मी पाहिले आहेत. आधी रिपोर्टवर काय छापलं आहे ते वाचा.

२०१९ मध्ये चीनमधल्या विषाणूजन्य न्यूमोनियाच्या रुग्णांवरून मुल्बस्टा नावाचा स्कोअर तयार झाला. त्यात फुप्फुसाच्या एकाहून जास्त खंडांत पसरलेला न्यूमोनिया, लिम्फोसाइट ८०० किंवा कमी, जिवाणूंचा जोड-संसर्ग, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि साठी ओलांडलेलं वय मोजतात. १२ च्या वर गेलं तर ९० दिवसांतल्या मृत्यूचा धोका जास्त. प्रश्न विषाणूचा आहे हे धरून बनवल्यामुळे मला तो कर्ब-६५ पेक्षा जवळचा वाटतो. आयसीयूत गेल्यावर सोफा (किती अवयव किती बिघडलेत ते मोजणारा स्कोअर) रोज काढा आणि कालच्याशी ताडून पाहा. कोणत्याही स्कोअरचा उपयोग रुग्णाला जास्त देखरेखीकडे हलवण्यासाठी करा, कमी देखरेखीत ठेवण्यासाठी नको.

सहावी पायरी: विषाणू हटतो आहे का?

व्हिएतनाममधल्या एच५एन१च्या रुग्णांत घशातलं विषाणूचं प्रमाण जास्त असणारे अधिक दगावले, असं २००६ मध्ये दिसलं. शांघायमधल्या एच७एन९च्या चौदा रुग्णांत ज्यांच्यातला विषाणू औषधानं घटला ते सुधारले, आणि ज्यांना एक्मो लागलं त्यांच्यात तो हटेना. काहींत औषधाला न जुमानणारा बदल, आर२९२के, सापडला. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पीसीआर करावी. पीसीआरचा सीटी आकडा (विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या फेऱ्या; सीटी स्कॅनशी संबंध नाही) जितका लहान तितका विषाणू जास्त, आणि तो साधारण ३.३ नं वाढला तर विषाणू दहापट कमी झाला असं समजतात. पण कालचा नमुना घशाचा आणि आजचा ट्यूबमधला असेल, किंवा प्रयोगशाळा बदलली असेल, तर तुलना करू नका. पाच दिवस औषध होऊनही आकडा हलत नसेल तर प्रतिकाराच्या चाचणीसाठी एनआयव्हीशी बोला.

स्टिरॉइडचा मुद्दा इथेच. कोविडनंतर ऑक्सिजन लागला की हात आपोआप डेक्सामेथासोनकडे जातो. एच७एन९च्या २८८ रुग्णांच्या अभ्यासात मोठ्या डोसच्या स्टिरॉइडबरोबर मृत्यू जास्त दिसले आणि विषाणूही जास्त दिवस रेंगाळला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा सल्लाही गंभीर इन्फ्लुएंझात सरसकट स्टिरॉइड न देण्याकडे झुकतो. दमा किंवा तसंच दुसरं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

शोधनिबंधातली टक्केवारी कशी वाचायची?

एच५एन१चे २००३ पासून जगात ९०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यातले जवळपास निम्मे दगावले. एच७एन९चे १५६८ रुग्ण आणि ६१६ मृत्यू, म्हणजे ३९ टक्के. हे आकडे खरे आहेत, तरी तुमच्या रुग्णाला जसेच्या तसे लावू नका, कारण छेदात कोण बसलं आहे यावर सगळं ठरतं.

२०१३ चं चीनचं उदाहरण हाताशी आहे. २८ मेपर्यंत एच७एन९चे १२३ रुग्ण दाखल झाले होते. ३७ दगावले, ६९ बरे झाले, १७ अजून रुग्णालयातच होते. ३७ ला १२३ नं भागलं तर ३० टक्के. पण मग त्या १७ जणांना आपण वाचलेले धरलं, आणि त्यातले काही तर व्हेंटिलेटरवर असणार. त्यांना वगळून, म्हणजे १०६ नं भागलं तर ३५ टक्के. संशोधकांनी अपुऱ्या माहितीचा नीट हिशेब धरून काढलेला अंदाज ३६ टक्के, आणि त्याची शक्य मर्यादा २६ ते ४५. त्याच संशोधकांनी लक्षणं असलेल्या, पण रुग्णालयापर्यंत न आलेल्यांनाही अंदाजानं मोजलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ०.१६ ते २.८ टक्के निघालं. विषाणू तोच, शहरंही तीच. वॉर्डात आलेल्या रुग्णासाठी पहिला आकडा, गावातल्या घाबरलेल्या शेजाऱ्यांसाठी दुसरा. साथीच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात छापून येणारी टक्केवारी तर बहुतेक वेळा त्या ‘भागिले १२३’ प्रकारची असते.

अंदाजाचं नवं मॉडेल वाचताना मी आधी मृत्यू किती होते ते बघते. चाळीस मृत्यूंवर पंधरा घटकांचं मॉडेल उभं केलं असेल, तर ते त्याच रुग्णालयात चमकतं आणि बाहेर फसतं. एका घटकामागे निदान दहा मृत्यू हा जुना ठोकताळा अजून कामाचा आहे. मग घटक कधी मोजले ते. दाखल होतानाचे, की आयसीयूतले? व्हेंटिलेटर लावल्यावर मोजलेल्या गोष्टींवरून ‘कोण गंभीर होईल’ हे सांगण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या रुग्णालयात ते तपासलं का, हेही बघा. आणि शेवटी, मॉडेल ज्यांना ३० टक्के धोका सांगतं त्यांच्यातले खरोखर ३० टक्के जातात का? एयूसी (जाणारे आणि वाचणारे मॉडेल किती नीट वेगळे काढतं त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ असूनही हा ताळा चुकू शकतो, आणि नातेवाइकांना आपण सांगतो ती टक्केवारीच.

नातेवाइकांशी बोलताना

टक्केवारी शक्यतो सांगूच नका. रोज ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं, बसून बोलावं. मी साधारण असं बोलते: ‘ताई, दादांना काल ४ लिटर ऑक्सिजन लागत होता, आज बराच जास्त लागतोय. आजाराचा सातवा दिवस आहे. पुढचे दोन दिवस नाजूक आहेत, व्हेंटिलेटर लागू शकतो. किडनी आणि रक्तदाब आज ठीक आहेत. उद्या अकरा वाजता राउंडनंतर पुन्हा बोलू.’ यात लपवलेलं काही नाही, आणि माहीत नसलेलं काही सांगितलेलंही नाही. ‘वाचतील ना?’ असं थेट विचारलं तर ‘आज सांगता येत नाही, पण कशावरून कळेल ते सांगते’ म्हणा आणि ऑक्सिजनचा आकडा कागदावर लिहून द्या. घरातल्या बाकीच्यांना ताप आहे का, हे त्याच बैठकीत विचारा.

सुट्टी देताना

वाचणं हा एकमेव निकाल नव्हे. चीनमध्ये एच७एन९मधून बरे झालेल्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या सहा महिन्यांत फुप्फुसं बरीच सुधारली, पण अनेकांत सीटी स्कॅनवरचे व्रण आणि वायू शोषण्याची कमी झालेली क्षमता दोन वर्षांनीही टिकून होती. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं, नाहीतर महिन्याभरात ओझं उचलताना धाप लागली की तो घाबरून जातो. डिस्चार्ज कार्डावर ‘गरज पडल्यास यावे’ असं लिहू नका. एक, तीन आणि सहा महिन्यांच्या तारखा घाला, आणि प्रत्येक भेटीला सहा मिनिटांचं चालणं, त्याआधीचं आणि नंतरचं एसपीओटू आणि जमेल तिथे डीएलसीओ (फुप्फुसांची वायू शोषण्याची क्षमता) नोंदवा.